बंकटची पहिली गिटार

"कुणासाठी काढली?" बंकट माइकमध्ये किंचाळला.

"कारखान्यासाठी!" समोरची पोरं ओरडली.

शिरूर कासारच्या बाजारात दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. तिसऱ्या सालीही पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. पलीकडं ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक भरत होते. भांडी, बाजली, शेरडं, लेकरं. बाया ट्रकवर बसूनच ऐकत होत्या. कुणी तोंडाला पदर लावलेला, कुणी मान फिरवलेली.

गाणं त्यांचंच होतं. पाळी आली की कामाला खाडा, खाड्याला दंड. मग गर्भाची पिशवीच काढून टाका, कटकट नको! आईचीही अशीच काढलेली. बंकटनं हे तिच्या नावासकट पुण्यामुंबईत पंक रॉक करून, बोंबलून सांगितलं. सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनच्या फोटोला चपलांचा हार घातला. दोन ठाण्यांत गुन्हे, पाच गावांत बंदी. गावानं तर त्याच्या तोंडात शेणच घातलं. म्हणे, आईची अब्रू वेशीला टांगली नालायकानं!

आई, भिवराबाई, वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हती. तिनं एकदा चारचौघांत खरं सांगावं, एवढ्यासाठीच तो आज इथं आला होता. ती ट्रकमध्ये बोचक्याला टेकून बसली होती. वय बेचाळीस, केस पांढरेफटक.

त्याची नवी गिटार सकाळीच मांजरसुंब्याला पोलिसांनी ठेवून घेतली. मग त्यानं घरातली जुनी खाली काढली. कॉलेजात गेला त्या साली हट्ट करून आईकडून घेतलेली. लुगड्यात गुंडाळून ती खुंटीला असायची. तारा गंजल्या होत्या, पण वाजल्या.

कार्यक्रमाच्या शेवटी गिटार फोडायची, ही त्याची रीत. तिच्यापायीच तर पेपरात फोटो यायचे. त्यानं ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

"आये, आता तूच सांग. कुणासाठी काढली?"

भिवराबाई ट्रकवरून उतरली. ओटीपोटाला हात धरून, हळूहळू. गर्दी बाजूला झाली. आता बाई चेअरमनचं नाव घेणार, म्हणून पोरांनी शिट्ट्या मारल्या. बंकटचे डोळे भरून आले.

ती ट्रॉलीपाशी आली आणि तिनं त्याचा पाय घट्ट धरला.

"फोडू नगं रं. त्या साली एक बी खाडा पडू दिला न्हाई. हिच्यासाठीच काढलती."