कडू तेवढं कळतं

काळुरामचा मेव्हणा गोविंदा मालवाहू बोटीवर होता. या खेपेला त्याने अमेरिकेतून बिअरच्या दोन बाटल्या आणल्या, आणि रविवारी दुपारी खाडीकाठच्या बाळकुम गावात, काळुरामच्या ओटीवर, त्याचे नेहमीचे दोस्त राघो आणि नामा आल्यावर पहिली बाटली उघडली गेली.

"मोठ्या कंपनीची नाय ही," गोविंदा म्हणाला. "तिकडं लोक छोट्या छोट्या भट्ट्या टाकून स्वतः बनवतात. हॉप म्हणून एक फूल असतं, वेलावरचं. ते मूठमूठ टाकतात. कडू लागेल, पण आधी वास घ्या."

काळुरामने नाक ग्लासात घातलं. "आयला! संत्र्याची साल."

"गवत," राघो म्हणाला. "ताजं कापलेलं."

मग दोघांनी नामाकडे पाहिलं. रविवारच्या या बैठकीत शेवटचा शब्द त्याचा असायचा. बाटलीला कागद गुंडाळून बिअर ओतली तरी नामा कंपनी ओळखायचा. बाटली दुकानात उन्हात राहिली होती का, हेसुद्धा नुसत्या वासावरून सांगायचा.

नामाने ग्लास नाकाशी बराच वेळ धरला. "छान आहे," तो म्हणाला.

"छान काय? कसला वास येतोय ते सांग."

"फुलाचाच की. यानं सांगितलं तोच."

राघोला ते खटकलं. गणपतीपासून नामा असाच बोलत होता. ही पण चांगली, ती पण चांगली. राघो उठून आत गेला आणि दोन भरलेले ग्लास घेऊन आला.

"बोल. यातली गोविंदाची कुठली?"

नामाने दोन्ही हुंगले, दोन्हींतला घोट घेतला. मग उजव्या हातातला पुढे केला. "ही."

"दोन्ही आपल्या नाक्यावरच्याच हायत!" राघो मोठ्याने हसला.

बाकी कुणी हसलं नाही. नामाने ग्लास अलगद खाली ठेवले आणि पायाने चपला चाचपायला लागला.

आत काळुरामच्या बायकोबरोबर, शकूबरोबर, नामाची बायको ठमाबाई मांदेली तळत होती. ती ताटली घेऊन दारात आली होती. तिने सगळं पाहिलं.

"त्यांना वास येत नाय, राघोभावजी," ती म्हणाली. "गणपतीत ताप आला, त्यात गेला. डॉक्टर म्हणतात, येईल पण, नाय पण येणार."

"गप ना गं," नामा म्हणाला.

"अजून किती गप राहू? इकडं यायच्या आधी घरात नुसत्या येरझाऱ्या घालता."

राघोचा चेहरा उतरला. "अरे, मग सांगायचंस ना आम्हाला."

"काय सांगू?" नामा खाली बघत म्हणाला. "कडू तेवढं कळतं. बाकी नुसतं गार पाणी. तुम्ही मला वासासाठी विचारता. वासच नाय, तर मी इथं बसून काय करू?"

नामाने एक चप्पल घातली.

ठमाबाईने ताटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि गोविंदाच्या बिअरचा ग्लास उचलला. तिने आजवर असल्या ग्लासाला बोट लावलं नव्हतं. आतून शकू "अगं बाई!" म्हणाली. ठमाबाईने एकदा वास घेतला. मग डोळे मिटून पुन्हा घेतला.

"कैरी," ती म्हणाली. "नाय, कैरी नाय. चीक. देठ मोडल्यावर हातावर उडतो ना, तो."

नामा थांबला. "हिरव्या कैरीचा की पाडाच्या?"

"हिरव्या. आणि मागनं... थांबा हां... लिंबाचं पान चुरगळल्यासारखं."

नामा परत येऊन बसला. एका पायात चप्पल तशीच होती. त्याने तिच्या हातातून ग्लास घेतला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला.

"हां," तो गिळून म्हणाला. "चीक."

"आला वास?" काळुरामने पुढे वाकून विचारलं.

"आला नाय रे. आठवला."

राघो उठला. त्याने दुसरी बाटली उघडली, नवा ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी ठमाबाईपुढे धरला. "वयनी, आता ही बघा."

ठमाबाई म्हणाली, राळ. होडीला लावतात ती. राघो म्हणाला, छे, चंदन. दोघं वाद घालायला लागली. नामाने दोन्ही बिअर एकामागून एक घेतल्या आणि जिभेने टाळू चाचपून पाहिली.

"वासाचं ती म्हणते ते धरा," तो म्हणाला. "पण पहिलीचं कडू जिभेवर येतं आणि जातं. हिचं घशापर्यंत राहतं. ही भारी."

राघोने परत एक घोट घेतला आणि थांबून पाहिलं. "राहतं खरं," तो म्हणाला.

संध्याकाळी नामा आणि ठमाबाई खाडीच्या कडेने घरी निघाली.

"आता कसला येतोय?" नामाने विचारलं.

"चिखलाचा. पाणी उतरलंय."

थोडं पुढे गेल्यावर ती आपणहून म्हणाली, "कुणीतरी सुकट भाजतंय." नव्या बिल्डिंगपाशी म्हणाली, "ओलं सिमेंट." देवळाशी कापूर सांगितला. नामा पाय ओढत, सावकाश चालत होता. तीही घाई करत नव्हती.

घराशी आल्यावर त्याने कुलूप काढलं आणि दार ढकललं.

"आणि हा? घराचा?"

ठमाबाईने उंबऱ्यात उभं राहून खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"हा तर मला पण कधी येत नाय," ती म्हणाली.