गुद्रुनचा काढा

टोर्किल्डच्या यकृतावर चरबी चढलीय हे कळल्यापासून त्याची बायको गुद्रुन हात धुऊन त्या चरबीच्या मागे लागली होती. परसात तिने जांभळ्या फुलांचं एक काटेरी झाड लावलं. त्याच्या बिया कुटून ती रोज सकाळी कडू काढा करायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. दुपारी मात्र तीच त्याच्या बटाट्यांवर लोणी ओतायची. अकरा वर्षांत तपासणीचे आकडे काही खाली आले नाहीत.

गुद्रुन गेली. त्यानंतर दहा महिन्यांनी डॉक्टर डिट्टेने त्याचा नवा रिपोर्ट दोनदा वाचला.

"चरबी जवळजवळ गेलीय, टोर्किल्ड. वजनही चौदा किलो उतरलंय. केलंत तरी काय?"

काय सांगणार? एकट्यासाठी स्वयंपाक करायला हात उचलत नव्हता. राय धान्याच्या काळ्या पावाचा एखादा तुकडा तो ओट्याशी उभ्याउभ्याच खायचा. कधी तेही विसरायचा. बियांची बरणी तर त्याने उघडलीच नव्हती.

"तो काढा अजून घेताय वाटतं?" डिट्टेने विचारलं. "त्या बियांत यकृताला जपणारं काहीतरी असतं, असं गुद्रुन नेहमी म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे."

टोर्किल्डने खिडकीबाहेर पाहिलं.

"घेतो ना, रोज घेतो," तो म्हणाला. "तिच्या काढ्यानेच उतरलीय चरबी. तसं लिही तुझ्या कागदावर. आणि तिचं नाव पूर्ण लिही."