मेणाचं डोकं

“मला कापून घ्यायचं नाय. माझा देवावर विश्वास हाय!”

इनास मेस्त्री हे जरा मोठ्यानंच म्हणाला. देवळाच्या आवारात सगळ्यांना ऐकू जावं, इतकं.

मनोरीत मावलीचा, म्हणजे मरियामातेचा, सण होता. मिस्सा, देवळातली प्रार्थना, नुकतीच संपली होती, आणि जो तो बाकड्यावर बसलेल्या इनासला भेटून जात होता. कांदिवलीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, काळजाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागणार. उद्या सकाळी भरती व्हायचं होतं. आणि इनासचं एकच चाललेलं: जाणार नाय, देव बघून घेईल.

लोकांना कौतुक वाटत होतं. त्याच्या बायकोला, फिलूला, हसू येत होतं. या बाबानं लग्नापासून नाताळ आणि ईस्टर सोडून देवळात पाय ठेवला नव्हता. मिस्सा आत, हा फाटकाबाहेर विडी ओढत. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला, त्या दिवसापासून हातातली माळ सुटेना.

“विश्वास म्हणे,” फिलू म्हणाली. “येशू बाबा वादळात होडीत ढाराढूर झोपला होता. त्याला म्हणतात विश्वास. तू रात्रभर पंख्याकडे बघत पडतोस.”

“उकडतं गो.”

“पंख्याखाली उकडतं! बस इथंच. मी मेणाचं घेऊन येते.”

आता मावलीच्या सणाला ज्याचं जे दुखतं, ते मेणाचं घ्यायचं आणि तिच्या पायाशी ठेवायचं. गुडघा धरला तर पाय. पोर होत नसलं तर बाळ. शेजारच्यांनी गेल्या साली विमान ठेवलं, आणि त्यांचा पोरगा दुबईला गेलासुद्धा. इनास जन्मभर या सगळ्यावर हसत आला होता. “मेण वितळतं, गुडघा तसाच ऱ्हातो,” म्हणायचा. आज मात्र तो मान उंच करकरून मेणाच्या वस्तू विकणाऱ्या नलिनीच्या टपरीकडे बघत होता. काळीज नीट बघून घेतलं म्हणजे बरं. चेपलेलं नको.

छातीत धाडधाड होत होतं. अख्खा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. हा आवाज त्याला कळत होता. पण ते बोलणार कुणाला?

फिलू कागदाची पुडी घेऊन आली. इनासनं घाईघाईनं उघडली.

आत डोकं होतं. नाक, कान, वर भांगसुद्धा पाडलेला.

“हे काय आणलंस? माझं काळीज बिघडलंय, डोकं नाय!”

“काळीज डॉक्टर बघतील, ते त्यांना जमतं. डोक्यावर त्यांच्याकडे औषध नाय. म्हणून म्हटलं, हे मावलीलाच दाखवू.”

बाजूच्या बाया फिसकन हसल्या. एकीच्या हातातले फुगे खाली सांडले, मैद्याचे, तळलेले, गरम गरम.

“देवाधर्माची मस्करी करतेस?”

“तुझी करते. मेस्त्री, तो सहदेव आठवतो? इंजिनात खडखड होत होती आणि हा बोटीला हार घालून निघाला होता समुद्रात. तेव्हा जेटीवर उभं राहून त्याला काय बोललास?”

इनासला आठवत होतं. अख्ख्या जेटीला आठवत होतं. ‘हार घाल, हात जोड, पण आधी उघडून बघ,’ असं बोलला होता. मधले दोन शब्द देवळाच्या आवारात सांगण्यासारखे नाहीत.

तो खाली मान घालून मेणाच्या भांगावरून बोट फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, “आणि उघडल्यावर परत चालूच नाय झालं तर?”

हसणाऱ्या बाया खाली वाकून सांडलेले फुगे वेचायला लागल्या.

“तेवढ्यासाठीच तर विश्वास लागतो रे,” फिलू म्हणाली. “बंद ठेवायला कशाला लागतोय?”

तिनं त्याच्या हातातलं डोकं उचललं आणि देवळात गेली.

इनास बसून राहिला. बाई बोलली ते खोटं नव्हतं, हाच तर राग. पण डोकं ठेवलं तर ठेवलं, जोडीला काळीजही नको का? डॉक्टरही माणूसच, त्याचाही हात कुणीतरी धरायला पाहिजे. तो उठला, छातीवर हात ठेवून सावकाश टपरीपाशी आला.

“नलिनी, एक काळीज दे गो.”

“संपली ना काका. शेवटचं काकींनी नेलं. डोक्याबरोबरच घेतलं. तुम्हाला दाखवलं नाय?”

इनास तसाच देवळात शिरला. मावलीच्या पायाशी त्याचं डोकं ठेवलेलं होतं, भांग पाडलेलं, शहाण्यासारखं. फिलू तिथंच उभी होती. तिच्या मुठीत काळीज होतं. इतकं घट्ट धरलेलं, की मऊ झालेल्या मेणावर तिची बोटं उमटली होती.

“लपवून आणलंस होय? दे, माझं मी ठेवतो.”

“तुझं नाय ते.” तिनं वळून बघितलं नाही. “तुझं बघायला डॉक्टर हायत. हे माझं हाय. त्या फोटोपासून नुसतं धडधडतंय, आणि तुझ्यासमोर हसायला लागतंय.”

इनासनं तिच्या मुठीतून ते चेपलेलं काळीज काढून घेतलं, आपल्या डोक्याच्या पुढं, मावलीच्या अगदी अंगठ्याजवळ नेऊन ठेवलं, आणि मावलीला म्हणाला,

“हिचं आधी बघ. माझं मी उद्या उघडायला देतोय.”