लवकर कशानं उठंल?

श्रीपाद डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि गेणबानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

त्याच्या बायकोच्या, बनाबाईच्या, डाव्या कुशीवर, बरगडीखालून पार पोटाच्या मध्यापर्यंत, दीड वीत लांब शिवण होती. तिच्या आसपास तीन बारकी भोकं. भोकं भरून आली होती. शिवण अजून लालभडक होती.

"बघा की," डॉक्टर म्हणाले. "भिण्यासारखं काही राहिलं नाही आता. छान भरतंय."

गेणबानं बघितलं नाही. खाली बारामतीच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. तो त्यांच्याकडं बघत राहिला. ती तीन भोकं त्यानं मागून घेतली होती. शिवण त्या भोकांपायी आली होती.

ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं कळसला, त्यांच्या गावी, एकच रड चालली होती. बना म्हशीखाली धारेला वाकली की तिच्या डोक्यात घण पडायचे. काळीज धडधडायचं, लुगडं घामानं भिजायचं, तोंड पांढरंफटक व्हायचं. घटकाभरानं सगळं निवळायचं, म्हणून कुणाला खरं वाटायचं नाही. "कामाच्या वक्तालाच बरं हिचं डोस्कं उठतं," असं गेणबाची आई, सिंधुबाई म्हणायची. गेणबा गप्प बसायचा. कधी कधी हसायचासुद्धा. मग एकदा श्रीपाद डॉक्टरांच्या समोरच तसा झटका आला. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि तिला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. तपासण्या झाल्या. डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी ग्रंथी असते, तिच्यात पेरूएवढी गाठ निघाली.

पुण्याच्या सर्जननी गेणबाला आत बोलावलं. "बाईंनाही घेऊन या," ते म्हणाले.

"तिला काय कळतंय? मला सांगा," गेणबा म्हणाला. बना बाहेर बाकावर बसून राहिली.

सर्जननी चित्र काढून समजावलं. पोट उघडून गाठ काढायची ही जुनी वाट, त्यांच्या हातातली. दुर्बिणीनं, बारक्या भोकांतून काढायची ही नवी. ती त्यांनी थोड्याच जणांवर केली होती. "गाठ मोठी आहे," ते म्हणाले. "गाठीला धक्का लागला की ब्लडप्रेशर उसळतं. औषधं देऊन तयारी करू, तरी उसळतं. आणि शीर फुटली तर भोकातून आवरणं अवघड. मग घाईघाईनं पोट उघडावंच लागतं. माझं विचाराल तर सरळ उघडूनच करू."

गेणबानं एकच विचारलं, "लवकर कशानं उठंल?"

"दुर्बिणीनं झालं तर पंधरवड्यात कामाला लागतील. पोट उघडलं तर तीन महिने काही उचलायचं नाही."

दोन म्हशी दुधावर होत्या. खुरपण तोंडावर आलं होतं. आईच्यानं होत नव्हतं. "मग दुर्बिणीनंच करा," गेणबा म्हणाला. बाहेर येऊन त्यानं बनाला सांगितलं, "बारकी भोकं पाडायची. काय न्हाय त्यात."

सर्जन म्हणाले होते तसंच झालं. गाठीला हत्यार लागलं आणि ब्लडप्रेशर आभाळाला भिडलं. मग शीर फाटली. हिरव्या कपड्यातला एक माणूस धावत बाहेर आला, "पोट उघडतोय, रक्त लागेल," एवढंच बोलला आणि परत आत गेला. गेणबा जिन्याच्या पायरीवर बसला. बना शुद्धीवर आल्याचं कुणी येऊन सांगितलं, तेव्हाही तो तिथंच बसलेला होता.

घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. तो मान हलवायचा. बना हळूहळू चालायला लागली, तसतसा तो तिची नजर चुकवायला लागला.

डॉक्टर नवी पट्टी आणायला शेजारच्या खोलीत गेले.

"बना," गेणबा खिडकीकडं बघतच म्हणाला, "पुन्याचे डाक्टर उघडूनच करू म्हनत हुते. दुर्बिणीत धोका हाय म्हनले हुते. मीच न्हाय ऐकलं." "तू लवकर कामाला लागशील म्हनून. तुजा जीव गेला असता माज्यापायी."

बना म्हणाली, "ठावं हाय मला. आपरेशनच्या आदल्या दिशी सिस्टरनी समदं सांगितलं हुतं. धोका बी सांगितला."

"मग तू का बोलली न्हाईस?"

"अवं, इकडं बघा."

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं ती शिवण पुरती बघितली.

"जिवाला लावून घेऊ नका," बना म्हणाली. "तुमच्यापायी न्हाय झालं ते. माज्यापायी झालं." तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "सिस्टर म्हनली, पोट उघडलं तर तीन महिने घागर उचलायची न्हाय, धारेला बसायचं न्हाय, नुसतं निजायचं. मला टेबलावर घेतलं तवा मी डोळं मिटलं आन बिरोबाला म्हनलं, देवा, पोट उघडू दे."