नांदगावची थैली

टपालपेटीवरचा पत्रा : पुढची वेळ ३.००.

तिसरीचा वर्ग. फळ्यावर तेराचा पाढा, समोर पंचेचाळीस पोरं, खुर्ची रिकामी.

वाढलेलं ताट. पिठल्यावर साय धरलेली. कुणी घास मोडलेला नाही.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एका दाराला बाहेरून कुलूप.

नाशिकरोडला टपाल घेऊन जाणारी गाडी चारला सुटते. तिच्यात नांदगावची थैली असते. आज बुधवार. म्हणजे शुक्रवारी सकाळी पत्र नांदगावात.

निवृत्ती गुरुजी पेटीजवळ सायकल धरून उभे होते. सायकल स्टँडवर लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. मार्चचं ऊन होतं. त्यांनी दोनदा पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली होती. एकदा एक बाई टपाल टाकायला आली, तेव्हा ते बाजूला होऊन घड्याळाला किल्ली देत राहिले.

सहादू पोस्टमन किल्ल्या वाजवत आला.

"काय गुरुजी, शाळा सोडून इथं पहारा?"

"सहादू, यात एक पत्र आहे. मला ते परत पाहिजे."

"पेटीत पडलं ते सरकारचं."

"निळं इनलँड आहे. नांदगावचं. तू नुसतं बघ."

"बघत नाय आन् देत पन नाय." सहादूने पेटी उघडली आणि सगळं टपाल पिशवीत ओतलं. "देता आलं असतं, तर आधी माझंच परत घेतलं असतं. सासऱ्याला होकार कळवला होता त्यात."

गुरुजी हसले नाहीत. सहादूने टांग मारली, तशी त्यांनीही आपली सायकल त्याच्या मागे घातली.

पोस्टात शिक्क्यांचे ठोके चालू होते. खिडकीत सगुणाबाई होत्या.

"अगोबाई, गुरुजी! आमच्या जयरामने काही केलं का?"

"नाही, नाही. पोरगा चांगला आहे." गुरुजींनी खिडकीचा गज धरला. "एक पत्र थांबवायचंय. सकाळी पेटीत पडलंय. आता नांदगावच्या थैलीत जाईल."

"कुणाला आहे?"

"मेव्हण्याला."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलं होतं.

"काय आहे हो त्यात एवढं?"

"घरातलं आहे. चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये, असलं." गुरुजींचा आवाज खाली आला. "ते पोचलं ना सगुणाबाई, तर माझा संसार मोडेल."

"बाई गं!" त्या उठल्याच. "माहेरच्या माणसांना रागात काही लिहू नये, गुरुजी. बोललेलं विसरतात, लिहिलेलं नाही. या आत."

पोस्टमास्तर चोवीस वर्षं नोकरीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"अर्ज लिहा. खाली पत्ता लिहा, पत्रावर आहे तसाच, माझ्यासमोर. अक्षर जुळलं तर पत्र मिळेल. नाही जुळलं तर मी काही करू शकत नाही."

साडेतीन झाले होते. पलीकडे सहादू खणाखणांत पत्रं फेकत होता. गुरुजींनी पेन काढलं. निबेवर शाई येईना. झटकलं. थेंब फरशीवर पडले. मग लिहिलं : श्री. रंगनाथ बहिरू आहेर, नांदगाव, जि. नाशिक.

सहादूने निळं इनलँड आणून टेबलावर ठेवलं. पोस्टमास्तरांनी ते उलटवलं.

"मागे नाव नाही टाकलेलं."

"राहिलंय ते."

पोस्टमास्तरांनी कागद आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"साहेब, चारची गाडी आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

"बाई, थांबा."

"एका बाईचा संसार वाचतोय, आणि तुम्ही अक्षरं काय निरखत बसलात!"

"तेच निरखायला पगार आहे मला. तिघांना आजवर परत पाठवलंय." त्यांनी बोट टेकवलं. "र बघा. आहेरमधला आ बघा. वरची रेघ पण तशीच, शब्दाच्या पुढे थोडी गेलेली." त्यांनी पत्र गुरुजींपुढे केलं. "जुळतंय. सही करा इथे."

गुरुजींनी सही केली. पत्र खिशात गेलं. मग पुन्हा बाहेर काढून त्यांनी त्यावरचा पत्ता पाहिला, आणि पुन्हा खिशात ठेवलं.

सगुणाबाई दारापर्यंत आल्या.

"मैनावहिनींना माहीत आहे का हे?"

"अजून आमचं बोलणं झालेलं नाही. आता घरी जाऊन बोलणार आहे."

"गोडीत बोला हो."

"हो," गुरुजी म्हणाले. "तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले? बाईच्या जातीने बाईला एवढं करायचं नाही, तर काय!"

नांदगावच्या थैलीला लाख लागली. मोटार फाटकातून बाहेर पडली, तसे गुरुजी सायकलजवळ थांबले. त्यांनी इनलँडची कड नखाने सावकाश सोडवली. आत चारच ओळी होत्या, सरळ, एकही खाडाखोड नसलेल्या.

'रंगनाथदादाला मैनाचा नमस्कार. या खेपेला दोन दात गेले. शनिवारी ह्यांची सकाळची शाळा असते, तेवढ्यात मला न्यायला ये. एकटा येऊ नकोस.'

लग्न झालं तेव्हा मैनाला सहीसुद्धा येत नव्हती. त्याच वर्षी गुरुजींनी तिला लिहायला शिकवलं, रोज संध्याकाळी, तिचा हात आपल्या हातात धरून.