बोअरमधला कॅमेरा

ब्याण्णवच्या मे महिन्यात नरडाण्याजवळच्या आमच्या वस्तीवरच्या एकुलत्या एका हातपंपाची धार करंगळीएवढी झाली. खडकाच्या कुठल्या फटीतून पाणी येतं ते बघायला भूजल खात्याचे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी हातपंप खोलून बाजूला काढला आणि बोअरमध्ये दिवा लावलेला कॅमेरा सोडला.

जीपमधल्या लहानशा टीव्हीवर काळा खडक सरकत गेला, आणि तळाशी नितळ पाणी चमकलं.

"अय माय, इतलं पानी शे!" झुलालआबा ओरडले.

"तुमचा पाइपच वर राहिलाय आबा," साहेब हसले. "दोन पाइप वाढवले की झालं."

कॅमेरा वर ओढायला लागताच वरच्या फटीतला दगड निसटला आणि कॅमेरा जागीच अडकला. सगळ्या वस्तीनं वायर ओढून पाहिली. कॅमेरा निघेना, आणि तो निघाल्याशिवाय पंप बसवता येईना. पडद्यावर पाणी मात्र तसंच चमकत होतं.

संध्याकाळी साहेब टीव्ही बंद करायला उठले.



रिकामा हंडा घेऊन समोर बसलेली ताईबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना, साहेब. पानी दिखी तरी ऱ्हायनं."