बारावी कोंबडी

"धरा नीट! एवढी पोरं शिकवलीत, एक कोंबडी धरता येईना तुम्हाला!"

मास्तरांनी कोंबडीचे दोन्ही पंख अंगासरशी दाबले. बायकोचा राग आपल्यावर नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सगळी गल्ली तिला काकू म्हणे आणि काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. पण आजचा राग निराळा होता.

मागच्या अंगणात अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या. पहाटे रानबोका कुंपणाच्या भोकातून आला, खुराड्याचं दार उचकटलं, एकेकीची मान मोडली आणि निघून गेला. एकीलाही त्याने तोंड लावलं नव्हतं.

"भूक होती म्हणावं, तर एक घास खाल्ला नाही मेल्यानं," काकू दात आवळून म्हणाल्या. "खेळ केला. माझ्या अंगणात येऊन खेळ केला!"

बारावी तेवढी लाकडांच्या ढिगामागे धुगधुगत सापडली. पाठीचं कातडं सोलून लोंबत होतं. पंखाखाली दातांची दोन भोकं होती.

जनावरांचा दवाखाना दोन दिवस बंद होता. मास्तरांनी कामाला सुरुवात केली, वर्गात गणित सोडवावं तशी, पायरी-पायरीने आणि मोठ्याने बोलत.

"आधी मिठाचं कोमट पाणी. मग जखमेभोवतीची पिसं कापायची, नाहीतर चिकटतात. कातडं सैल शिवायचं. दातांची भोकं मात्र शिवायची नाहीत, आत पू धरतो."

शेजारचा शिंपी भिंतीवरून डोकावत होता. उकळलेली सुई आणि रेशमी दोरा त्यानेच दिला.

"मापं घेऊ का, मास्तर? झालंच तर एक झगाही शिवतो." मग हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगू? ही काही वाचत नाही. भांड्यात घाला आजच."

काकू गर्रकन वळल्या. "भांड्यात घालायची असती तर तुम्हाला जेवायला बोलावलं असतं. ही जगलीच पाहिजे. कळलं?"

शिंप्याचं डोकं भिंतीखाली गेलं.

मेलेल्या कोंबड्या मास्तर पुरायला निघाले, तर काकूंनी त्यातल्या दोन मागे ठेवून घेतल्या आणि कुंपणापाशी नेऊन टाकल्या. दोन दिवसांनी त्यांना मुंग्या लागल्या, तरी काकू हलू देईनात. हिचा जीव अजून त्यांच्यात अडकलाय, असं मास्तरांना वाटलं. शेवटी त्यांनीच गुपचूप खड्डा केला.

बारावीचं खोकं स्वयंपाकघरात आलं. वर जाड फडकं टाकून अंधार केला होता. साखरेचं पाणी चोचीच्या कडेला थेंब-थेंब लावायचं, घशात ओतायचं नाही, हे मास्तरांनी एकदाच सांगितलं. पुढचं सगळं काकूंनी केलं. तिसऱ्या दिवशी बारावीने त्यांच्या तळहातावरचा उकडलेला बलक टिपला. मास्तर दारात उभे राहून बघत राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी कोंबडीकडे अंडं देणारी वस्तू म्हणूनच पाहिलं होतं.

राग मात्र उतरत नव्हता. भांडी आदळत होती. रोज संध्याकाळी काकू कुंपणापाशी राख पसरत आणि सकाळी पावलं बघून येत.

"काल परत आला होता. रिकाम्या खुराड्याला फेरी मारून गेला मेला." आणि लगेच, "आवाज काढते का ही?"

"नाही अजून."

"खाते, चालते, मग तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"भेदरलीय गं. वर्गात नवीन आलेलं पोर आठ-आठ दिवस तोंड उघडत नाही. घाई केली की आणखी मिटतं."

"मला नाही एवढा धीर," काकू म्हणाल्या.

शिकवणीची मुलं रोज खोक्यात डोकावू लागली, तेव्हा मास्तर म्हणाले, "हिचं नाव बारावी. बघू पास होते का."

"नावबिव ठेवू नका," काकू आतून तुटकपणे म्हणाल्या.

दगावली तर नावाने आठवत राहील, म्हणून म्हणत असेल. मास्तरांनी विषय वाढवला नाही. कधी एकदा ही कोंबडी बरी होते आणि घरातली ही धुसफूस थांबते, एवढंच त्यांना हवं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी बारावीने खोक्याच्या काठावर उडी मारली आणि असा काही कलकलाट केला की मुलांची पाढे म्हणण्याची लय तुटली.

"बारावी पास!" मुलं ओरडली.

काकू हात पुसत बाहेर आल्या. कान देऊन त्यांनी तो कलकलाट पुरता ऐकला आणि हसल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"जगली बघा!" त्यांनी भिंतीवरून शिंप्याला सांगितलं. "काकूंचा रागही गेला."

"गेला? काल लोहाराच्या भट्टीवर तर त्याच्यावर खेकसत होत्या."

"खुराड्याला नवी कडी करून घेत असेल."

दुपारी मास्तर बारावीसाठी चांगला दाणा आणायला बाजारात गेले. परतले तेव्हा दिवस कलत होता. खोकं रिकामं होतं आणि अंगणातून कोंबडीचा ओरडा येत होता.

ते पिशवी टाकून मागच्या दाराशी धावले. कुंपणाच्या भोकासमोर खुंटी ठोकलेली होती. बारावी एका पायाने तिला बांधलेली होती आणि मान ताणून जीव खाऊन ओरडत होती. तिच्यापुढे, वाळल्या पाल्याआड, लोखंडी सापळा जबडा वासून होता.

"अगं, हे काय केलंस!"

काकूंनी त्यांना दंडाला धरून दाराआड ओढलं.

"हळू बोला. मेलेल्या ठेवून पाहिल्या, त्यांना तो हुंगतसुद्धा नाही."